ट्यूबलाईटचं ऊन: घरच्या घरी एलईडी ग्रो लाईट

नवरात्रात घट बसवतो ना, देवघराच्या कोपऱ्यात, परडीत माती टाकून गहू-ज्वारी पेरतो, ते धान्य नऊ दिवसांत केवढं उंच होतं ते आठवा. पिवळंजर्द, लवलवणारं, दसऱ्याला टोपीत नाहीतर कानावर खोवतो आपण ते. दिसायला गोड दिसतं पण ते पीक खरं म्हणजे उपाशी असतं. दाण्यात बांधून आणलेली शिदोरी असते तेवढ्यावर ते उजेड शोधत नुसतं वर पळत असतं, खोडात जाडी नाही, पानात हिरवेपणा नाही, सगळी ताकद उंचीत. माझ्या किचनच्या खिडकीतली मेथी तशीच व्हायला लागली तेव्हा मला कळलं की आपल्याकडे आता बारमाही घट बसलाय.

झालं असं की आम्ही डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो आणि समोर पंधरा-वीस फुटांवर टॉवर उभा राहिला. पूर्वी सकाळी दोन तास ऊन यायचं ते गेलं. कोथिंबीर आडवी पडायला लागली, तुळस एकेक पान टाकायला लागली, आईचा जीव खालीवर. मी म्हटलं लाईट लावू, तर आई म्हणाली ट्यूबलाईटच्या उजेडात कुठे झाडं जगतात का, जगत असती तर ऑफिसं म्हणजे जंगलं झाली असती. आता हा प्रश्न तिने टोमणा म्हणून टाकला होता पण प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की ग्रो लाईटचं, म्हणजे झाडं वाढवायच्या दिव्याचं, निम्मं शास्त्र कळलं असं समजा.

आपला डोळा उजेड मोजायच्या कामाचा नाही. तो सारखा जुळवून घेतो, उन्हात बाहुली बारीक, घरात मोठी, त्यामुळे दोन्हीकडे आपल्याला 'छान उजेड आहे' असंच वाटतं. फोनमध्ये लक्स मीटरचं (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि बघा, फोनचा सेन्सर वरच्या बाजूला सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो, आकडा थोडा इकडेतिकडे असतो पण आपल्या कामाला पुरे. भर दुपारच्या उन्हात तो १ लाखाच्या आसपास जातो. हॉलमध्ये ट्यूबखाली टेबलावर? दीडशे, दोनशे, फार तर तीनशे. म्हणजे जे आपल्याला लख्ख वाटतं ते उन्हाच्या पाचशेव्या हिश्श्याइतकं असतं. झाडासाठी उजेड म्हणजे दिसण्याची सोय नाही, जेवण आहे, आणि पाचशेव्या हिश्श्याचं जेवण म्हणजे ताटात एक शीत.

आता लक्स हे मापही माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. डोळ्याला हिरवट-पिवळा रंग सगळ्यात जास्त दिसतो, लाल आणि निळा कमी दिसतो, त्या हिशोबाने लक्स मोजतात. झाडाला डोळे नाहीत, ते मोजतं उजेडाचे कण. ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींच्या, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्यातले किती कण पानावर पडले एवढंच त्याला माहीत, मग ते निळे असोत की लाल. हे कण मोजायची दोन मापं आहेत आणि लोक इथेच गडबडतात, म्हणून पावसावरून सांगतो. सर किती जोरात कोसळतेय ते एक, आणि दिवसभरात किती मिलिमीटर पडला ते दुसरं. उजेडाच्या सरीचा जोर म्हणजे पीपीएफडी, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल कण पडतात तो आकडा. आणि दिवसभराची एकूण बेरीज म्हणजे डीएलआय, ती मोलमध्ये मोजतात. मोल म्हणजे फक्त एक भली मोठी संख्या आहे, डझन कसं तसं, आणि मायक्रोमोल म्हणजे तिचा दहा लाखावा भाग, घाबरायचं काही नाही.

झाडाला महत्त्वाची दिवसभराची बेरीज. आणि हीच आपल्या कामाची गोष्ट आहे, कारण उन्हाच्या जोराची बरोबरी घरात करता येत नाही पण रिमझिम चौदा तास चालू ठेवता येते ना.

साध्या पांढऱ्या एलईडीचे लक्स असतील तर त्याला साधारण ७० ने भागायचं, पीपीएफडी मिळतं. आणि दिवसाला १४ तास लाईट लावणार असाल तर त्या पीपीएफडीला २० ने भागायचं, डीएलआय मिळतो. दोन्ही एकत्र केलं तर लक्स भागिले १४००. बस, एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हॉलच्या ट्यूबखाली २०० लक्स म्हणजे चौदा तासांत जेमतेम ०.१४ मोल. मेथीसारख्या कोवळ्या पालेभाजीला ६ ते ८ तरी लागतात, लेट्यूस नीट भरायला १२ च्या पुढे, टोमॅटो-मिरची धरायची तर २० आणि वर. आणि बाहेर आपल्याकडे एप्रिल-मेच्या उघड्या शेतात हा आकडा ४० च्या पुढे असतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच, ऑफिसात जंगल होत नाही कारण तिथे झाडाला वाटीभरसुद्धा मिळत नाही, मनी प्लांट तेवढा कसाबसा तग धरतो कारण तो मुळातच मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा गडी आहे.

मग आता रंगाचं. ग्रो लाईट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो जांभळा दिवा येतो. मीपण पहिल्यांदा तोच मागवला, ऑनलाईन, यूएसबीवर चालणारा, तीन वाकड्या माना असलेला, खोक्यावर भलेमोठे वॅट लिहिलेले. यूएसबी चार्जर ५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअरचा, म्हणजे १० वॅटच्या वर तो दिवा खाऊच शकत नाही, हा साधा गुणाकार मी विकत घेतल्यावर केला. दोन आठवडे घर जांभळं. समोरच्या काकूंनी जिन्यात विचारलं की तुमच्याकडे रात्री पार्टी असते का. मेथी जशीच्या तशी पिवळी.

जांभळ्यामागे तर्क आहे, थोतांड नाही. पानातलं क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्यामानाने कमी, म्हणूनच तर पान हिरवं दिसतं. मग हिरवा द्यायचाच कशाला, नुसते लाल-निळे एलईडी लावा, वीज वाचेल, असा हिशोब. पूर्वी पांढरे एलईडी आजच्याइतके चांगले नव्हते तेव्हा हा हिशोब बरोबरही होता आणि मोठ्या व्यावसायिक शेतांत लाल एलईडी अजूनही वापरतात कारण विजेच्या मानाने तो कण भरपूर देतो. पण हिरवा प्रकाश फुकट जातो हे मात्र खरं नाही. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने बऱ्याच पिकांच्या पानांवर एकेक रंग टाकून मोजलं, तर हिरव्यावरही पान बऱ्यापैकी काम करतं असं निघालं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेलं लाल लेट्यूस खाल्लं, त्या व्हेजी नावाच्या पेटीतही लाल आणि निळ्यासोबत हिरवे एलईडी आहेत. हिरव्यामुळे भाजी भाजीसारखी दिसते. आणि हे 'दिसणं' कमी समजू नका, जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का, खाली मावा लागलाय का, काही म्हणजे काही कळत नाही, सगळं काळपट.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी असतो. निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा थर देतात, थोडा निळा तसाच बाहेर पडतो, बाकीच्याचा हिरवा-पिवळा-लाल होतो, आणि मिळून आपल्याला पांढरं दिसतं. तो प्रखर निळा एलईडी जमवण्यासाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे दुकानातल्या साध्या बॅटनमध्ये, म्हणजे एलईडीच्या ट्यूबलाईटमध्ये, झाडाला लागणारा निळा आहे, लाल आहे, मधलंही सगळं आहे. कूल डेलाईट, म्हणजे ६५०० केल्विनवाल्यात (केल्विन हे पांढऱ्याच्या छटेचं माप) निळा जास्त, त्याने रोप बुटकं आणि दणकट राहतं. वॉर्म व्हाईट, ३००० वाला, त्यात लाल जास्त. पालेभाजीला कुठलाही चालतो, मी दोन डेलाईट आणि मध्ये एक वॉर्म असं लावलंय, ते शास्त्रापेक्षा जास्त यासाठी की नुसता डेलाईट रात्री किचनमध्ये दवाखान्यासारखा वाटतो.

आता बांधकाम. मी जे शेवटी केलं ते इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. लोखंडी स्लॉटेड अँगलचा रॅक, फळी ४ फूट बाय १ फूट. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला तीन एलईडी बॅटन, ४ फुटी, २० वॅटचे, बाजूबाजूला. घेताना खोक्यावर वॅट नाही, ल्युमेन बघायचे, कारण वॅट म्हणजे त्याने खाल्लेली वीज आणि ल्युमेन म्हणजे त्याने दिलेला उजेड, आणि जेवणारा जास्त जेवला म्हणून कामही जास्त करेल असं काही नसतं. २० वॅटला २००० ल्युमेन म्हणजे वॅटला शंभर, एवढं तरी हवंच, त्याहून चांगले मिळाले तर घ्या. तिन्ही बॅटन जंक्शन बॉक्समध्ये पॅरलल जोडले, एक वायर बाहेर काढली, थ्री-पिन प्लग लावला आणि अर्थिंगची वायर रॅकच्या लोखंडाला नट-बोल्टने घट्ट आवळली. मुंबईकरांना लोहार चाळ आणि पुणेकरांना तपकीर गल्ली माहीत असतेच, तिथे हे सगळं एका फेरीत होतं.

कुंड्यांपासून लाईट किती वर? मी साधारण पाऊण फूट ठेवतो. एलईडीचं सुख हे की समोरच्या बाजूला आच येत नाही, त्याची उष्णता मागच्या बाजूला जाते, त्यामुळे जवळ आणलं तरी पान भाजत नाही. आणि जवळ आणणं हा उजेड वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, छताची ट्यूब आठ फुटांवरून अख्ख्या खोलीला उजेड वाटते, तिला झाडाच्या डोक्यावर आणून बसवली की तोच उजेड चार चौरस फुटांत पडतो. रॅकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरा सनबोर्ड लावला, बाजूला सांडणारा उजेड परत आत येतो. लोक अ‍ॅल्युमिनिअम फॉइल लावतात ते नको, एक तर त्याला सुरकुत्या पडून उजेड कुठेतरी एकाच जागी चमकतो आणि दुसरं म्हणजे विजेच्या जोडाजवळ ते धातूचं लोंबतं कशाला हवंय.

माझ्याकडे फळीच्या मध्यावर साडेअकरा हजार लक्स येतात, टोकांना सात हजार. १४०० ने भागा, मध्ये ८, टोकाला ५. म्हणून मध्ये मेथी-कोथिंबीर आणि टोकाला पुदिना, आणि आठवड्याला कुंड्यांची अदलाबदल.

यात 'घरी बनवणं' कुठे आहे, हे तर नुसतं लटकवणं झालं, असं म्हणणारे माझ्यासारखे हात शिवशिवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी पुढचं. मी आधी १२ व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपपासून केलं होतं, फॉल्स सीलिंगमध्ये लावतात ती पट्टी. प्लायवूडवर ओळीने चिकटवली, दिसायला जबरदस्त, चार महिन्यांत निम्मी मंद आणि काही तुकडे बंद. चूक पट्टीची नव्हती, माझी होती. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो आणि ती पाठीतून बाहेर जायला हवी, प्लायवूड म्हणजे तिला गोधडी पांघरल्यासारखं झालं. पट्टी लावायचीच तर अ‍ॅल्युमिनिअम चॅनेलवर लावा. शिवाय या पट्टीत तीन-तीन एलईडींच्या मागे एक रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा भाग, असतो, तीन एलईडी मिळून ९ व्होल्टच्या आसपास वापरतात आणि उरलेले ३ व्होल्ट नुसते रेझिस्टर तापवतात, म्हणजे बिलाचा चौथा हिस्सा गेलाच. मीटरला साठ एलईडीवाली ५०५० (५ बाय ५ मिलिमीटरच्या एलईडींची) पट्टी मीटरला साधारण १४ वॅट खाते, पाच मीटर म्हणजे ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अ‍ॅम्पिअर, त्याला एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा, १०० वॅटचा घ्यायचा, अगदी काठोकाठ ७२ चा नाही. आणि एका टोकाने वीज दिली तर दुसऱ्या टोकाला ती मंद पेटते, दोन्ही टोकांना द्यावी लागते. एवढं करून उजेड बॅटनपेक्षा कमी. माझं मत विचाराल तर पट्टी शोकेसला ठीक आहे, झाडाला नको.

खरी मजा मोठ्या एकेकट्या एलईडीत आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात ते, चांदणीच्या आकाराच्या अ‍ॅल्युमिनिअम चकतीवर बसवलेले. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी: एलईडी हा जुन्या तारेच्या बल्बसारखा वागत नाही. बल्बला व्होल्टेज थोडं वाढलं तर उजेड थोडा वाढतो. एलईडीला अडीच व्होल्टपर्यंत काहीच नाही, तीनच्या आसपास नीट पेटतो, आणि त्यावर जरासं चढवलं की करंट एकदम उसळतो. वर आणखी भानगड म्हणजे तो तापला की त्याला तोच करंट कमी व्होल्टेजवर घेता येतो, म्हणजे व्होल्टेज तेच ठेवलं तर करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो, तापला की आणखी करंट. दूध उतू जातं ना तसं, क्षणभर काही नाही आणि मग सगळं ओट्यावर. म्हणून त्याला ड्रायव्हर लागतो, कॉन्स्टंट करंटवाला. तो व्होल्टेज धरून ठेवत नाही, करंट धरून ठेवतो, गॅस सतत कमी-जास्त करणारा हात समजा. ३ व्होल्टचे १० एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये जोडले तर ३० व्होल्ट झाले, ड्रायव्हरवर २४ ते ४२ व्होल्ट, ७०० मिलिअ‍ॅम्पिअर असं लिहिलेलं असलं की तो बरोबर बसतो, आणि एकूण २१ वॅट. चकतीखाली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप), खाली पंख्यांसारख्या कडा असलेला हीटसिंक. अर्ध्या तासाने वीज बंद करून हीटसिंकला बोट लावा, पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक, झटकन काढावं लागलं तर हीटसिंक लहान पडतोय.

आता एक गोष्ट जरा रागावून सांगतो. बरेच लोक सल्ला देतात की साध्या ९ वॅटच्या बल्बचा पांढरा प्लास्टिकचा घुमट काढून टाका, उजेड वाढतो. उजेड वाढतो हे खरंय. पण स्वस्त बल्बमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो, एलईडीच्याच चकतीवर सगळं सर्किट असतं आणि ते थेट मेन्सला जोडलेलं असतं. म्हणजे घुमट काढला की तुमच्या कुंडीच्या वर एक फुटावर उघडे २३० व्होल्ट लटकताहेत, आणि त्याखाली तुम्ही ओल्या हाताने स्प्रे मारताय. नका करू हो. घुमटाने थोडा उजेड अडतो तर अडू दे, एक बल्ब जास्त लावा. झाडाला पाणी देताना मेन स्विच बंद, रॅकची वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगात शिरत नाही, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या.

चौदा तासच का, चोवीस तास लावलं तर मेथी लवकर येईल ना, हे माझ्या पुतण्याने विचारलं. उजेड झाडाचं जेवण आहे तसंच घड्याळही आहे. सांगली-सोलापूरकडे रात्री ड्रॅगन फ्रूटच्या बागेत बल्बांच्या माळा पेटलेल्या दिसतात, त्या बल्बांनी झाड वाढवत नाहीत, एवढ्याशा उजेडात पोट भरतच नाही, त्या माळा झाडाला सांगतात की रात्र छोटी आहे, दिवस मोठा आहे, म्हणजे हंगाम आहे, फुलं काढ. शेवंतीचं बरोबर उलटं, तिला रात्र मोठी झाली की कळी धरते, म्हणून कळी लांबवायची असेल तर रात्री दिवे लावतात. आपल्या कोथिंबिरीला दिवस फार लांब आणि हवा गरम मिळाली की ती पानं सोडून फुलोऱ्यावर धावते. म्हणून १४ तास, रोज त्याच वेळेला, टायमरवर. मी सकाळी सहा ते रात्री आठ ठेवलंय.

बिलाचं विचारतात सगळे. ६० वॅट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर २०० रुपये, फक्त तुमचं बिल १०० युनिटच्या सीमेवर असेल तर ही पंचवीस युनिटं वरच्या स्लॅबमध्ये पडतात, ते बघून घ्या. दोनशे रुपयांत महिन्याला जेवढी मेथी-कोथिंबीर निघते तेवढी भाजीवाल्याकडे कमी पैशात मिळते हे मला मान्य आहे, पावसाळ्यात जुडी पन्नासला जाते तेव्हा तेवढी माझी बाजू जरा वर असते. परदेशातल्या मराठी लोकांचा हिशोब वेगळा, न्यू जर्सीला ऑक्टोबरमध्ये तुळस आणि कढीपत्ता घरात घ्यावाच लागतो आणि पाच महिने तो जगवायचा तर खिडकीचं ऊन पुरत नाही, तिथे हा रॅक चैन नाही.

आईची तुळस आता रॅकच्या मधल्या जागेवर आहे, मेथीची जागा तिने बळकावली. मी हट्टाने एक मिरचीही ठेवलीय, आठ मोलमध्ये तिचं पोट भरत नाही म्हणून तिच्या डोक्यावर दोन बल्ब वेगळे सोडलेत. तिला फुलं आली आणि सगळी गळून गेली, दोनदा. मग लक्षात आलं की बंद खोलीत वारा नाही, माशी नाही, पराग हलणार कसा. आता रोज सकाळी चहा ठेवला की तिच्या प्रत्येक फुलाच्या देठाला हलकी टिचकी मारतो. सहा मिरच्या धरल्यात.